मायसाठी ठेवलेली काडी

कोंबडीचे तुकडे बांबूच्या काडीत ओवायचे, निखाऱ्यावर भाजायचे आणि शेंगदाण्याच्या दाट रशात बुडवून खायचे, हा प्रकार आमच्या गावात माझ्या भावानं आणला. त्याआधी आमच्याकडे कोंबडी म्हणजे मातीच्या हंडीतली. भातावर ओतायला भरपूर रसा, आणि तोंड पोळेल इतकं तिखट. काडीवर भाजलेलं मांस रानातली माणसं खातात, आपण नाही, अशी एक समजूत. म्हणून दादानं अंगणात बसून पहिल्यांदा काड्या सोलायला घेतल्या, तेव्हा शेजारचे काका कुडावरून डोकावून म्हणाले, "काय बे, येवढ्या लढाईवर जाऊन आला आन् दातकोरन्या बनवाले शिकला का?"

"तुमच्यासाठीच करून राहिलो काका," दादा मान वर न करता म्हणाला. "दात हायेत का पन?"

काकांच्या तोंडात दात उरले नव्हते. तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

ते हसणं मला अजून ऐकू येतं. पण त्या काड्या दादानं काकांसाठी सोलल्या नव्हत्या, माझ्यासाठीही नाही. त्या मायसाठी होत्या. आणि मायनं त्याच्या हातची एकही काडी खाल्ली नाही. ती का खात नाही हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही. आता दादा नाही, माय नाही, काकाही नाहीत. माझ्या बोलण्यानं कोणाचं मन मोडेल असं कोणी उरलेलं नाही, माझ्या बायकोशिवाय. तिचं मन मोडणार आहे हे माहीत असूनच लिहितो आहे.

आमचं गाव नवेगावच्या बांधापासून जवळ. आपल्या पूर्वजांनी तलाव बांधले हे आम्हाला पाळण्यातच ऐकवतात. मी स्वतः म्हणाल तर शेताच्या धुऱ्यापलीकडे काही बांधलं नाही. वडील लवकर गेले. घरात माय, दादा आणि मी. मांस आमच्या आतल्या चुलीवर कधी शिजत नसे. अंगणात तीन दगड मांडायचे, गोठ्याच्या भिंतीवर पालथी ठेवलेली वेगळी हंडी काढायची, आणि रांधायचं बाप्या माणसानं. वडिलांमागं ते काम दादाकडे आलं. गळ्याचा तुकडा तो मायसाठी काढून ठेवी. माय तो चोखत बराच वेळ बसे, आणि दादा तिला चिडवी, "माय, आता हाड तं राहू दे, कुत्र्याले काय देऊ?" मायला कोंबडी फार आवडे. हे आधीच सांगून ठेवतो.

हाताला चव होती म्हणूनच तो पलटणीत स्वयंपाकी म्हणून लागला. मग लढाई पेटली आणि त्याची पलटण समुद्रापार सिंगापूरला गेली. तिकडून आलेली पत्रं थोडी, तीही दुसऱ्याच्या हातची. सिंगापूर पडल्यावर तीसुद्धा थांबली. सरकारी कागद आला तो 'बेपत्ता' म्हणून. बेपत्ता म्हणजे काय हे मायला समजावताना माझीच जीभ अडखळली. ती म्हणाली, "म्हनजे हाये का नाही?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती रोज त्याचं ताट मांडू लागली, आणि सगळ्यांचं जेवण झालं की ते उचलून ठेवू लागली.

याच दिवसांत माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी मी पाहिली होती. खरं सांगायचं तर पाहून ठेवली होती, तलावाच्या पाळीवरच्या जत्रेत, आणि मला तीच हवी होती. तिच्या वडिलांना आमचं घर पसंत होतं. पण ते म्हणाले, "थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याचं आधी कसं करता? तो आहे म्हनता तं त्याची वाट पाहा. नाही म्हनता तं त्याचे दिवस करा. मधल्या मधे लटकलेल्या घरात मी पोरगी देनार नाही." ते चुकीचं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिला दुसरीकडून मागणी आली होती, हेही त्यांनी लपवलं नाही.

तेवढ्यात कळलं की दादाच्या पलटणीतला एक जण जखमी होऊन परत आलाय, कामठ्याला असतो. मी छोट्या गाडीनं गोंदियाला गेलो आणि तिथून पायी कामठ्याला. माणूस भला होता. त्याचा एक पाय गुडघ्यापासून नव्हता. शहर पडायच्या आधी शेवटच्या बोटीत त्याला चढवलं, तेव्हा दादा तापानं दवाखान्यात होता. त्या दवाखान्यावर नंतर बॉम्ब पडले, असं त्यानं बोटीवर ऐकलं होतं.

"म्या पाह्यलं नाही भाऊ," तो म्हणाला. "सिर्फ सुना है. सुनी हुई बात का क्या भरोसा? मायले सांगजो, आस सोडू नोको म्हना."

त्यानं मला चहा पाजला. परत येताना गाडीच्या दारात उभा राहून मी धानाची शेतं पाहत होतो. काय सांगायचं हे मी गाडीत ठरवलं की अंगणात पाय ठेवल्यावर, ते आता आठवत नाही. आठवत नाही हा बहाणा नव्हे, खरंच आठवत नाही. माय सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "माय, दादा गेला. त्या मानसानं डोळ्यानं पाह्यलं."

सुपातले तांदूळ खाली सांडले नाहीत. तिनं सूप नीट बाजूला ठेवलं आणि मग रडली.

देह नसला की आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात. पानं बांधून हातपाय, डोक्याच्या जागी नारळ. तलावाच्या काठावर त्या पुतळ्याला मी अग्नी दिला. काकांनीच सगळं सांगितलं, कुळात वडीलधारे तेच. बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे, पण पाहिलेला साक्षीदार असला तर थांबायचं कारण नाही, असं ते म्हणाले. साक्षीदार मी आणला होता. मग ज्याच्या त्याच्या नात्याप्रमाणं गेलेल्याच्या नावानं काही ना काही खायचं सोडायचं असतं, त्याच्या आवडीचं. मी विडा सोडला. दादाला विडा काही फार आवडत नव्हता. माय म्हणाली, "कोंबडी सोडली."

पुढच्या लगनसराईत माझं लग्न झालं.

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात, भर दुपारी, दादा तलावाच्या पाळीवरून चालत घरी आला. माय अंगण सारवत होती. शेणानं भरलेले हात तसेच धरून ती उभी राहिली आणि तिनं आधी त्याचे पाय पाहिले. भुताचे पाय उलटे असतात. ते सरळ आहेत हे पाहिल्यावर मग ती धावली, आणि त्याच्या गालांवर, सदऱ्यावर, सगळीकडे शेणाची बोटं उमटली. तो नुसता हाडांचा सापळा होता. हसत होता. बायको दाराआड झाली, कारण तिचा तो भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, त्याच्यासमोर येणं रीत नाही. पदराचं टोक तेवढं त्याला दिसलं.

"अरे वा," तो मला म्हणाला, "माह्या आधी उरकून घेतलं? काऊन बा, मी मेलो होतो का?"

माय म्हणाली, "शुभ बोल रे बापा." मी त्याचं गाठोडं उचललं आणि आत गेलो.

संध्याकाळी काकांनी घरातल्या आणि शेजारच्या माणसांना बाजूला घेऊन बजावलं, त्याचे दिवस केले ही गोष्ट त्याच्या कानावर जाता कामा नये. जित्या माणसानं आपलं मरण ऐकलं की त्याचं आयुष्य खुंटतं. मायनं प्रत्येकाकडून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी काकांनी दादाला अंगणात पाटावर बसवून न्हाऊ घातलं, कोरं धोतर नेसवलं, जिभेवर मधाचं बोट लावलं. त्याचा नवा जन्म करून घेत होते ते. त्याला वाटलं कौतुक चाललंय. "बारसं करून राहिले का माहं?" तो म्हणाला.

त्याच आठवड्यात माय मला गोठ्यात म्हणाली, "त्या कामठ्याच्या मानसानं डोळ्यानं पाह्यलं होतं ना? म्हनजे मरन येऊन गेलं त्याच्यापाशी. आपन पानाचा देह देला, तो घेऊन गेलं, आन् माहं लेकरू सोडलं. मी कोंबडी सोडली तेबी त्यातच आलं. आता मी ते पुन्हा तोंडी लावलं तं ते आपलं मागाले येईन." मग म्हणाली, "मी मरेपरेंत खात नाही. त्याले सांगू नोको."

मला तिथं बोलायचं होतं. त्या माणसानं काहीही पाहिलं नव्हतं, मरण दादाच्या जवळपासही आलं नव्हतं, कोणी काही नेलं नव्हतं, कोणी काही मागायला येणार नव्हतं. मी म्हशीपुढं चारा टाकला.

अंगात थोडं बळ आल्यावर दादानं काड्या मागितल्या. पलटणीच्या छावणीबाहेर एक म्हातारी रस्त्याच्या कडेला बसून हे भाजत असे. त्याला तिकडे 'साते' म्हणत. हा तिच्याकडे जाऊन बसायचा, पंखा हलवायचा, आणि भाषा येत नसताना बघून बघून शिकला. "बसनं, हात झटकनं, सारं मायसारखं," तो सांगे. पुढे जपान्यांच्या कैदेत मूठभर भातावर दिवस काढताना तो रोज मनातल्या मनात ही कोंबडी करायचा. मसाला वाटायचा, काड्या भिजत घालायचा, निखारे फुंकायचा, आणि पहिली काडी मायच्या हातात द्यायचा. दुसऱ्या कैद्यांना हे ठाऊक झालं होतं. ते विचारायचे, "आज मायनं खाल्लं का रे?" हा म्हणायचा, "खाल्लं."

बुरडाकडून बांबूच्या पातळ काड्या आणून तो त्या पाण्यात बुडवून ठेवी, नाहीतर निखाऱ्यावर पेट घेतात. कोंबड्याच्या मांडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, मधेमधे चरबीचा एखादा. हळद, धने, जिरे, लसूण, गुळाचा खडा. तिकडे एक वासाचं गवत घालतात, ते इथं कुठून आणायचं? तो जंगलात फिरून तिखाडीचं गवत घेऊन आला, चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. "बहीनच हाये त्याची," म्हणाला, "जरा तोंडाळ." सकाळी लावलेला मसाला दुपार कलेपर्यंत मुरे. धावड्याचे कोळसे तो लांबट पसरून ठेवी आणि जुन्या सुपानं वारा घाली. तिखाडीच्या देठाचा शेंडा ठेचून त्याचा कुंचला केला होता, तो जवसाच्या तेलात बुडवून मांसावरून फिरवी. चर्र आवाज झाला की सगळ्या आळीला कळे.

शेंगदाणे आमच्या धानाच्या मुलखात पिकत नाहीत, गोंदियाच्या बाजारातून आणावे लागत. माझी बायको भिंतीआड बसून ते भाजून कांडायची. "लय बारीक नोको," असं त्याला तिला सांगायचं असलं की तो माझ्याकडे बघून सांगे, आणि मी तिच्याकडे. लाल मिरच्या, चिंच, गूळ, आणि नारळाचं दूध. पहिल्या वेळी त्यानं अंगणात नारळ फोडला आणि माय एकदम उठून आत गेली. तो मला म्हणाला, "काय झालं तिले?" पळसाच्या पानांवर ठेवलेला तो दुसरा नारळ माझ्याही डोळ्यांपुढं होता. मी म्हटलं, "कायी नाही, धूर लागला असन."

त्या दिवशी सगळ्यांनी खाल्लं. काकांनी चोखून चोखून खाल्लं. शेजारची पोरं काड्या चाटत फिरली. हळदीच्या पानात दाबून बांधलेला भात, कच्चा कांदा, काकडी. दादानं पहिली काडी मायसाठी पानावर बाजूला काढून ठेवली होती. माय म्हणाली, "आज पोट बरं नाही बापा."

पुढच्या वेळी तिचा सोमवार निघाला. त्याच्या पुढच्या वेळी तिनं शेजारी जेवून आल्याचं सांगितलं. दादानं आधी मिरची कमी केली. मग गूळ वाढवला. मग त्याला वाटलं रसा उग्र होतोय, म्हणून शेंगदाणे भाजायचे कमी केले. एकदा रसा बाजूला ठेवून नुसतं मीठ लावून भाजलं. दर वेळी तो पदार्थ अधिक चांगला होत गेला, हे मी खाणारा म्हणून सांगतो. शेवटी शेवटी तर इतका चांगला होई की कोणी बोलत नसे. आणि दर वेळी ती काडी पानावर तशीच पडून राही, आणि तो ती कोणाला देत नसे. स्वतः खात नसे. तलावावर नेऊन माशांना टाकी.

एकदा मी त्याच्याबरोबर गेलो. पाळीवर बसलो. त्यानं काडीवरचे तुकडे एकेक करून पाण्यात टाकले.

"लहान्या," तो म्हणाला, "एक सांग. मी नव्हतो तवा कोंबडी कोन करे?"

"मीच."

"माय खात होती?"

तो खरं विचारत होता, आणि मला खरं उत्तर माहीत होतं. ती खात नाही म्हटलं तर तो पुढचा प्रश्न विचारणार, कधीपासून. मग कोणाच्या नावानं. मग कोणी सांगितलं. शेवटच्या प्रश्नापाशी मी उभा होतो. मी म्हटलं, "खात होती."

त्यानं मान हलवली, जसं काही ते त्याला आधीच माहीत होतं.

"मंग बरोबर हाये," तो म्हणाला. "माह्या हातचं नाही खात. तिले कसं समजलं काय माहीत. तू काही बोलला का? बोलाले तुले तरी कुठं माहीत." मग पाण्याकडे बघत त्यानं मला सांगितलं की कैदेत त्यानं उंदीर खाल्ले, साप खाल्ले, मेलेल्या माणसाच्या ताटातलं उचलून खाल्लं. ज्याच्या त्याच्या हातचं खाल्लं. "मायले वास येत असन त्याचा. मानूस लपवून लपवून किती लपवन? आईच हाये ते."

"असं कायी नाही दादा."

"मंग काऊन?"

एवढं सोपं करून मला कोणी कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "सवय मोडली असन तिची." आता हे लिहिताना वाटतं, मी तेव्हा तोंडात माती जरी घेतली असती तरी ते बरं दिसलं असतं.

कोणी म्हणेल, बायकोला तरी सांगायचं होतं. तिला काय सांगणार? तुझ्यासाठी मी भावाला जाळला, असं? ती तेव्हा पोटुशी होती. आणि दादासाठी ती किती जीव लावून शेंगदाणे कांडायची, न बोलता, न दिसता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे घरोघर मांस शिजतं. त्या दिवशी कोणाचा वार नसतो, कोणाचं पोट बिघडत नाही. दादानं सकाळपासून तयारी केली होती. भाजून झाल्यावर तो पान घेऊन थेट मायसमोर जाऊन बसला. एक काडी रशात बुडवली, खालून हात धरून तिच्या तोंडाशी नेली.

"माय, एक घास. आवडलं नाही तं थुंक."

माय त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि मान वळवली. तिनं पदर का लावला हे मला दिसत होतं. हुंदका होता तो. त्याला काय दिसलं तेही मला दिसत होतं. मी दोघांच्या मधे, हाताच्या अंतरावर उभा होतो.

"बरं," दादा म्हणाला. त्यानं काडी पानावर ठेवली, पान उचललं आणि उठला.

त्यानंतर त्यानं कोंबडी केली नाही. आणि आणखी एक बदल झाला. तो पंगतीत बसेनासा झाला. अंगणात कडुनिंबाखाली आपलं वेगळं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट घेऊन बसायचा, वरून वाढून घ्यायचा, ताट स्वतः राखेनं घासून वेगळं पालथं घालायचा. पाण्याच्या घागरीला हात लावायचा नाही, ओंजळ पुढे करायचा. माय म्हणे, "पलटनीची सवय पडली त्याले." ती मला हे अभिमानानं सांगे.

मुलगी झाली तेव्हा त्यानं ती मांडीवर घेतली नाही. लांबून बघून म्हणाला, "चांगली हाये. हात खराब हायेत माहे."

थंडी पडली तशी तिकडून आणलेला हिवताप पुन्हा उठला. ताप यायचा, उतरायचा, यायचा. गोंदियाहून औषध आणलं, वैद्याचं केलं. शेवटच्या दिवसांत माय त्याच्याजवळून हलली नाही. एकदा त्याला उलटी झाली ती तिच्या लुगड्यावर. तो डोळे उघडून म्हणाला, "माय, तुले किळस नाही का येत माही?"

"कायची किळस बापा?" ती लुगड्याचा ओचा पुसत म्हणाली. "लेकराची कोनी किळस करते का?"

ती त्या उलटीबद्दल बोलत होती. तो त्याबद्दल विचारत नव्हता. त्याला तिचं उत्तर पोचलं की नाही, आणि पोचलं तर कशाचं उत्तर म्हणून पोचलं, याचा मी आजवर विचार करत आलो आहे. पोचलं असं धरून चाललो की झोप लागते. तो दोन दिवसांनी गेला.

या वेळी देह होता. अग्नी पुन्हा मीच दिला. दहाव्याला काकांनी खाली बघत मायला विचारलं, "वहिनी, काय सोडता?"

"कायी नाही सोडत," माय म्हणाली. "सोडून काय झालं?"

काका पुढच्या विधीला लागले.

सुतक फिटल्यावर एका दुपारी ती मला म्हणाली, "ते काडीचं कर. तो करे तसं."

मला वाटलं तिला भास होतोय. पण ती नीट सांगत होती. ज्याच्यासाठी राखलं होतं तोच गेला, आता कोणी काय मागायला येणार. मी कोंबडा आणला. बुरडाकडे गेलो. तिखाडी शोधायला जंगलात गेलो, सुकलेली मिळाली. बायकोनं शेंगदाणे कांडले आणि या वेळी ती भिंतीआड नव्हती, माझ्याजवळ बसून सांगत होती, चिंच आधी कोळतात, गूळ नंतर. तिनं सगळं ऐकून ठेवलं होतं. काड्या भिजत घालायला मी विसरलो. निम्म्या टोकाकडून जळाल्या. निखारा एकीकडे जास्त झाला, एकीकडे कमी. तरी वास तोच सुटला. कुडापलीकडे काका खोकले आणि आले नाहीत.

मायपुढं पान ठेवलं. तिनं काडी हातात धरून थोडा वेळ बघितली, कुठून खायची ते कळेना तिला. मग एक तुकडा दातानं ओढून काढला. रशात दुसरा बुडवला. सावकाश चावत राहिली. तिची हनुवटी हलत होती तेवढंच मी पाहत होतो. एक काडी संपली. तिनं ती पानाच्या कडेला सरळ ठेवली.

"असंच लागे का त्याचं?" तिनं विचारलं.

"याच्यापेक्षा चांगलं," मी म्हटलं. "खूप चांगलं."

ती थोडी हसली. "हात होता त्याले." मग म्हणाली, "त्याले वाटत असन ना, माय काऊन खात नाही म्हनून. मी म्हटलं, वाटू दे, जगन तं पुढं समजावून सांगीन." पदरानं बोटं पुसत तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुह्यापाशी कधी बोलला का तो? काही मनाले लावून तं नाही ना गेला?"

बायको रशाची वाटी घेऊन उभी होती. अंगणात कोळसे अजून लाल होते.

"नाही माय," मी म्हटलं. "कायीच बोलला नाही."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि दुसरी काडी घेतली.